मनावरील आघात व त्यावरील उपचार

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या वाटेने अंबरनाथ व उल्हासनगरच्या बगलेस येते आणि पुढे कल्याणच्या खाडीस मिळते. तिच्या काठच्या शेतकऱ्यास पुराची ओळख नवी नाही. तथापि ता. २६ जुलै २००५ व ता. २७ जुलै २०१९ हे दोन दिवस येथील माणसे विसरलेली नाहीत. दुसऱ्या प्रसंगी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली, व आतील सुमारे १०५० उतारूंस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व आसपासचे ग्रामस्थ यांनी बाहेर काढले. अशा पुरानंतर पंचनामे होतात. किती गुंठे भात कुजले, किती बांध फुटले, किती गुरे वाहून गेली याची नोंद होते. परंतु ज्याने काळोखात लेकरास खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून वाट काढली, त्याच्या मनाचे काय झाले यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. तो रकाना आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

आघात म्हणजे काय ?— आपल्या बोलीत 'धसका घेतला', 'हाय खाल्ली' असे शब्द आहेत; म्हणजे हे दुखणे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. पूर, भूकंप, आग, अपघात, मारहाण, अत्याचार किंवा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू यांमुळे मनास जी जखम होते तिला आघात म्हणावयाचे. तिची लक्षणे चार प्रकारची असतात. पहिला प्रकार, प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे. स्वप्ने पडणे, किंवा पावसाचा आवाज ऐकताच पाणी घरात शिरत असल्याचा भास होणे. दुसरा, त्या प्रसंगाची आठवण देणाऱ्या जागा व गोष्टी टाळणे. नदीकाठच्या खाचराकडे फिरकेनासे होणे. तिसरा, मन निबर व निराश होणे, कशातच गोडी न वाटणे, उगाच स्वतःस दोष देणे. चौथा, सदा सावध व चिडखोर राहणे, दचकणे व झोप न लागणे. पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक होय. बहुतेक माणसे घरच्यांच्या आधाराने आपोआप सावरतात. मात्र महिना उलटूनही ही लक्षणे न हटता माणसाच्या कामधंद्यात व संसारात अडथळा आणू लागली, तर तो विकार समजून उपचार करणे इष्ट.

असे का होते ?— सामान्य आठवण ही धान्य वाळवून, निवडून कणगीत भरावे तशी असते. केव्हाचे, कोठले हे आपणांस ठाऊक असते. प्राणावर बेतलेल्या क्षणी मेंदूतील धोक्याची वर्दी देणारा भाग इतका जोराने काम करतो की, प्रसंगास काळ-स्थळाची चिठ्ठी लावणाऱ्या भागाचे काम विस्कळीत होते. ती आठवण ओल्या धान्याप्रमाणे भरली जाते, व वरून दिसले नाही तरी आत तापत राहते. म्हणून चौदा वर्षांपूर्वीचा पूर माणसास आत्ताच आल्यासारखा वाटतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, व धट्टाकट्टा गडीही यातून सुटत नाही. पहिल्या महायुद्धात रणांगणावरून आलेल्या सैनिकांत हे दुखणे दिसले, तेव्हा चार्ल्स मायर्स या वैद्याने १९१५ साली त्याविषयी लिहिले. तरी आघातोत्तर मानसिक विकार हे स्वतंत्र नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत दाखल होण्यास १९८० साल उजाडले.

शेजारचेच उदाहरण.— फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत ठेवण्यात आले. सुमारे एक लाख माणसे तेथे आली. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले. त्या माणसांचे घर, शेत, गाव व शेजार एका झटक्यात गेले होते. त्यांस शिधा मिळाला, छप्पर मिळाले; मनावरील उपचार मात्र मिळाला नाही, कारण त्या काळी त्या विकारास नावदेखील नव्हते. त्यांनी हातास मिळेल तो धंदा धरला, देवस्थाने उभारली, शाळा काढल्या, व त्या उद्योगातूनच पुढे मोठे शहर झाले. यावरून दोन गोष्टी शिकता येतात. एक, काम, समाज व श्रद्धा हे स्वतःच मोठे औषध होत. दुसरी, ते औषध सर्वांस पुरत नाही. बाहेरून संसार उभा राहिला तरी आतील दुःखाविषयी न बोलण्याची सवय घराघरांत राहू शकते, व त्या अबोल्याची झळ पुढील पिढीसही लागते. आज उपाय हाती असता तसे राहण्याचे कारण नाही.

प्रथम काय करावे ?— येथे शेतकऱ्यास चटकन पटेल असा एक नियम आहे. पाऊस थांबताच कोणी नांगर धरीत नाही. वाफसा येऊ देतो. ओल्या चिखलात नांगर घातला तर ढेकळे होऊन जमीन बिघडते. तद्वत प्रसंग घडल्याबरोबर पीडितास 'सर्व सांग, म्हणजे मोकळा होशील' म्हणून खोदून विचारणे बरे नव्हे. पूर्वी अशी एकवेळची सक्तीची कथनपद्धती प्रचारात होती. पुढे पाहणी करता तिचा लाभ होत नाही, क्वचित अपायच होतो, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहा, ऐका व जोडून द्या, अशी तीन कामे सांगितली आहेत. धोका टळला आहे काय व कोणास तातडीची निकड आहे ते पाहावे. तो स्वतःहून बोलेल तेवढे शांतपणे ऐकावे. व अन्न, निवारा, नातलग आणि सरकारी मदत यांशी त्यास जोडून द्यावे. गरम चहा, कोरडे कपडे व हरवलेल्या माणसाची खबर ही त्या घटकेस सर्वांत मोठी सेवा होय.

उपचार कसा चालतो ?— महिना उलटून लक्षणे टिकली, म्हणजे वाफसा आला असे समजून प्रशिक्षित समुपदेशकाकडे जावे. हे उपचार मुख्यतः बोलण्याचे असतात, व साधारणपणे आठवड्यास एक याप्रमाणे आठ ते सोळा बैठकींत पुरे होतात. त्यांची रीत एका दृष्टांताने सांगतो. पुलावर पाय घसरून पडलेला बैल पुन्हा पूल दिसताच बुजतो. अडाणी गाडीवान त्यास चाबूक मारतो. भित्रा गाडीवान तो रस्ताच सोडतो. पहिल्याने भय वाढते, दुसऱ्याने ते कायम होते. शहाणा मालक त्यास मोकळा घेऊन पुलाजवळ उभा करतो, पाठीवर हात ठेवतो, दुसऱ्या दिवशी चार पावले नेतो, आणि पंधरवड्यात बैल पूल ओलांडू लागतो. समुपदेशक हेच करतो. आधी श्वास संथ करण्यास व अंग सैल सोडण्यास शिकवितो; मग सुरक्षित खोलीत, रुग्णाच्या संमतीने, तो प्रसंग क्रमाने सांगावयास लावतो; आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने जाण्याचा अभ्यास देतो. सांगता सांगता आठवणीची धार बोथट होते, तिला काळ-स्थळाची चिठ्ठी लागते, व 'ते तेव्हा झाले, आता मी येथे आहे' हे मनास पटते.

दुसरी पद्धत विचारांची तपासणी करण्याची आहे. समजा, पुरात एका शेतकऱ्याचा बैल गोठ्यातच बुडाला. तो रात्रंदिवस म्हणतो, 'मी वेळेवर दावे कापले असते तर तो वाचला असता.' समुपदेशक त्यास 'तसे मनात आणू नकोस' असे सांगत नाही. विचारतो की, पाणी किती वाजता चढले, त्या वेळी घरात कोण होते, गोठा किती अंतरावर होता, लेकरांस सोडून तुम्ही तेथवर पोहोचू शकला असता काय? अशा प्रश्नोत्तरांतून दोषाचे ओझे आपले नव्हते हे त्याचे त्यासच उमगते. तिसऱ्या एका पद्धतीत रुग्ण प्रसंग मनात आणीत असता समुपदेशकाच्या हालत्या बोटाकडे पाहून डोळे उजवी-डावीकडे फिरवितो. ती फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन विदुषीने १९८७ च्या सुमारास शोधली, व तिचा गुण अनेकांस आला आहे. काहींस मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. मात्र दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे किंवा दारूने झोप आणणे हे दोन्ही घातक. त्याने जखम भरत नाही, उलट व्यसन जडते. उपचाराच्या आरंभी काही दिवस आठवणी अधिक बोचतात, हेही आधीच जाणून असावे, म्हणजे माणूस अर्ध्यावर सोडून देत नाही.

खेड्यात हे शक्य आहे काय ?— हे शहरी लोकांचे चोचले, असे म्हणणाऱ्यांस दोन अनुभव सांगणे अवश्य आहे. गोव्यात संगत या संस्थेने सरकारी आरोग्यकेंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांस शिकवून समुपदेशक केले. तीव्र नैराश्याच्या ज्या रुग्णांस सहा ते आठ बैठकींचा लाभ मिळाला, त्यांपैकी तीन महिन्यांनी ६४ टक्के बरे आढळले. केवळ नेहमीची सुधारित देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत विश्राम नावाच्या कार्यक्रमात गावच्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या विषयाची चर्चा केली. तेव्हा नैराश्याने पीडित लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे दोन्ही प्रयोग नैराश्याविषयीचे आहेत, आघाताविषयीचे नव्हेत. परंतु ही दोन्ही दुखणी बहुधा एकाच उंबऱ्यातून आत येतात, व शेतकरी समजावून सांगितल्यास उपचारास येतो हे त्यांवरून सिद्ध होते. महाराष्ट्र सरकारनेही २०१५ साली आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला.

कोठे जावे ?— आपल्या भागातील माणसास रेल्वेने ठाणे गाठणे कठीण नाही. तेथे १९०१ साली स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, व १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. मनोरुग्णालय हे नाव ऐकून बिचकू नये. बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. घरबसल्या बोलावयाचे तर १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. लोक काय म्हणतील ही भीती अनेकांस अडविते. त्यांनी लक्षात ठेवावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. देवाचा अंगारा लावल्याने कोणास धीर येत असेल तर त्यास आमचा विरोध नाही. पण भगताकडे मारझोड किंवा साखळदंड असेल तर तो उपचार नसून दुसरा आघातच होय.

घरच्यांचे कर्तव्य.— 'विसरून जा', 'पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय' ही वाक्ये घरातून हद्दपार करावी. नित्याचा क्रम, वेळेवर जेवण व झेपेल तेवढे शेतातील काम चालू ठेवावे. मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. ती बोलत नाहीत, पण अंथरूण ओले करणे, आईस चिकटून राहणे, शाळेस जाण्यास नकार देणे यांतून सांगत असतात. आणि एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या घरात कोणी खचलेला आहे, त्या घरात फवारणीचे औषध हाताशी ठेवू नये. ते कुलुपात असावे व किल्ली दुसऱ्याकडे असावी. मरणाची लहर पुष्कळदा थोडा वेळ टिकते. तेवढ्यात विष हाती न लागल्यास माणूस वाचतो, व वाचलेला माणूस उपचाराने सावरतो. 'मरून जावेसे वाटते' असे कोणी बोलल्यास त्यास एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

आमची सभासदांस एवढीच विनंती आहे की, यापुढे गावात पूर, आग किंवा अपघात झाल्यास नुकसानीच्या यादीबरोबर घरांचीही एक यादी करावी. त्या घरी आठवड्याने एकदा व महिन्याने पुन्हा एकदा जाऊन झोप कशी आहे, जेवण कसे आहे, शेतावर जाणे होते काय, एवढे तीन प्रश्न विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या माणसास सोबत घेऊन ठाण्याची गाडी पकडावी. फुटलेला बांध दुसऱ्याच दिवशी घालण्यास आपण चार जण जमतो. या कामास दोन जण पुरेत.