ऊतींचा अभ्यास : कांचपट्टीपासून पडद्यापर्यंत

माण-खटावकडील घोंगडें दुरून पाहिलें तर काळें किंवा करडें एवढेंच दिसतें. तेंच उजेडासमोर धरलें म्हणजे उभा धागा कोणता, आडवा कोणता, वीण कोठें घट्ट व कोठें विरळ, हें ध्यानांत येतें. आणि जाणता मनुष्य तेवढ्यावरून तें किती दिवस टिकेल हें सांगतो. आपलें शरीरही असेंच विणलेलें आहे. संस्कृतांत ‘ऊति’ या शब्दाचा एक अर्थ विणणें असा आहे, आणि मिळून एक कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास आपण ‘ऊती’ म्हणतों. ही वीण पाहण्याचें जें शास्त्र तें ऊतिशास्त्र.

प्राण्यांच्या शरीरांत ऊतींचे मुख्य प्रकार चार. आच्छादन करणारी अभिस्तर ऊती, आधार देणारी व जोडणारी संयोजी ऊती, आकुंचन पावणारी स्नायू ऊती आणि संदेश वाहणारी चेता ऊती. हीं नांवें विद्यार्थी पाठ करितात व परीक्षेंत लिहितातही. परंतु यांतील एक तरी ऊती डोळ्यांनीं पाहिली आहे काय, असें विचारतांच वर्ग निःशब्द होतो. यांत मुलांचा दोष थोडा. ऊतीची कांचपट्टी तयार करणें हें सोपें काम नव्हे. तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्यें टिकवावा लागतो, त्यांतील पाणी काढून तो मेणांत बसवावा लागतो, आणि मग सुमारें ५ मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असे, काप काढावे लागतात. असा काप जवळजवळ रंगहीन असतो. म्हणून त्यास रंग देतात. हेमॅटॉक्सिलीन या, मूळच्या मध्य अमेरिकेंतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळणाऱ्या, द्रव्यानें पेशींचीं केंद्रकें निळीं-जांभळीं होतात, आणि इओसिनानें बाकीचा भाग गुलाबी होतो. तेव्हां पडद्यावर जो गुलाबी रंग दिसतो तो शरीराचा नसून रंगाऱ्याचा आहे, हें विद्यार्थ्यानें प्रथमच जाणावें.

आमच्या भागांत अशा कांचपट्ट्या नव्हत्या असें नाहीं. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें आणि पुढें १८९७ त वैद्यकशाळाही सुरू केली. मिरजेचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालीं स्थापन झालें. कऱ्हाडास १९८४ त दुसरें निघालें. परंतु महाविद्यालयांतील कांचपट्ट्यांची पेटी ही तेथें प्रवेश मिळालेल्यांसाठीं. पट्टी फुटली तर तसाच काप पुन्हा मिळत नाहीं, म्हणून ती कुलपांत राहणें साहजिकच होय. पाटण किंवा जत येथील शाळकरी मुलास ती पाहावयास मिळणें कठीणच.

आतां ही स्थिति पालटली आहे. उत्तम कांचपट्टीचीं यंत्राच्या साहाय्यानें शेकडों सूक्ष्म छायाचित्रें घेऊन तीं एकमेकांस जोडतात व आंतरजालावर ठेवितात. मग भूगोलाच्या नकाशांत आपण जसें जिल्ह्यावरून तालुक्यावर व तालुक्यावरून गांवावर येतों, तसें संपूर्ण अवयवावरून एका पेशीपर्यंत उतरतां येतें. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाची कांचपट्ट्यांची पेटी अशा रीतीनें सर्वांस खुली आहे. मिनेसोटा विद्यापीठांतील अध्यापकांनीं रचलेला ‘हिस्टॉलॉजी गाइड’ हाही विनाशुल्क असून त्यांत प्रत्येक पट्टीबरोबर काय पाहावें याची टीप दिलेली असते. हीं दोन्हीं साधनें इंग्रजींत आहेत. म्हणून आमची सूचना अशी, कीं बालभारतीचें विज्ञानाचें मराठी पुस्तक, जें आंतरजालावरही मोफत मिळतें, शेजारीं उघडून ठेवावें आणि वहींत मराठी व इंग्रजी संज्ञांची जोडयादी करावी. पंधरा-वीस शब्द जमले कीं वाट पुष्कळ सुकर होते.

मात्र साधन हातीं आलें म्हणजे विद्या आली असें नव्हे. गतवर्षीं आम्हीं वर्गांतील पडद्यावर त्वचेची एक पट्टी दाखविली. सर्वांनीं एका सुरांत ‘अभिस्तर ऊती’ असें सांगितलें, कारण तें नांव चित्राखालीं लिहिलेंच होतें! इतक्यांत मागील बांकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, खालीं हीं पांढरीं रिकामीं घरें कसलीं?” आम्हांसही तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. तेथील टीप वाचली तेव्हां कळलें, कीं त्या मेदपेशी होत. मेणांत बसविण्यापूर्वीं वापरलेल्या द्रावकांत त्यांतील चरबी विरघळून गेली व घर तेवढें उरलें. त्या दिवशीं वर्गांत ऊतिशास्त्र शिकला असेल तर तो त्या एका प्रश्नानें. नांव वाचणारे चाळीस होते. पाहणारी एकच होती.

म्हणून पाहण्याचे कांहीं नियम सांगतों. प्रथम कमी वर्धनानें सारी पट्टी न्याहाळावी. घाईनें पेशींवर झडप घालूं नये. चित्राखालील नांव हातानें झांकावें, आपलें अनुमान वहींत लिहावें, आणि मगच नांव पाहावें. पेन्सिलीनें आकृति काढावी, कारण जें काढतां येत नाहीं तें नीट पाहिलेलें नसतें. एकाच कापावरून निर्णय करूं नये. उकडलेलें अंडें टोंकाकडे कापलें तर पिवळा बलक दिसतच नाहीं. म्हणून अंड्यांत बलक नसतो असें कोणी म्हणेल काय? शिवाय पडद्याबरोबरच शाळेंतील सूक्ष्मदर्शकही वापरावा. लोणंदच्या बाजारांतील कांदा घरोघरीं आहे. त्याचा पातळ पापुद्रा आयोडीनचा थेंब घालून पाहावा. भिंग वर-खालीं करून खोली शोधण्याची जी संवय हातास लागते, ती पडदा पुरती देऊं शकत नाहीं.

ह्या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असें पालक विचारतील. त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगतों. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे होती. त्यांनीं १९४४ सालीं मुखाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. निरोगी गालाच्या आंतील अभिस्तर ऊती थरावर थर अशी नीट रचलेली असते व तिच्या तळाशीं एक मर्यादा असते. कर्करोगांत पेशींची शिस्त मोडते आणि त्या ती मर्यादा ओलांडून खालच्या ऊतींत घुसतात. रुग्णाच्या गालांतील चट्टा साधा कीं घातक, याचा निर्णय अखेरीस अशा एका कापाकडे पाहणारा डोळाच करतो. तंबाखू चघळल्यानें हा रोग होतो हें आज सर्वमान्य आहे, आणि आपल्या गांवांतील किती चंच्या अद्याप सुटल्या नाहींत हें आम्हीं सांगावयास नको. मात्र पडद्यावरील चित्र पाहून कोणीं आपल्या चट्ट्याचें निदान घरीं करूं नये. बरा न होणारा चट्टा वैद्यासच दाखवावा.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाच्या हातीं मोबाइल द्यावाच लागतो, तर आठवड्यांतून अर्धा तास त्याच्या शेजारीं बसावें व “यांत तुला काय दिसलें?” एवढेंच विचारावें. उत्तर आपणांस ठाऊक नसलें तरी चालेल. मुलानें ‘जांभळें व गुलाबी’ असें म्हटलें तर “आणखी काय?” असें पुन्हा विचारावें. आज जें मूल पट्टींतील रिकाम्या घराविषयीं प्रश्न करितें, तेंच उद्यां मिरजेस वा कऱ्हाडास सूक्ष्मदर्शकापाशीं बसून कोणाच्या तरी आजोबांच्या गालाचा काप पाहत असेल. आणि त्याचें लक्ष त्या वेळीं ढळतां कामा नये.