जुनं एअर पिस्तूल: आधी सिलिंडरवरची तारीख वाचा

मुलगी वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर खेळली, स्कोअर चढू लागला, की कोच सांगतात, आता स्वतःचं घ्या. स्टायर, मोरिनी, वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊचं नवं मॅच पिस्तूल साधारण दीड लाखाच्या पुढेच सुरू होतं. मग पालक जुन्याकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. नीट राखलेलं पिस्तूल पंधरा-वीस वर्षं सहज चालतं. फक्त विकणारा सांगतो ती किंमत अपुरी असते.

पहिली नजर चकाकीवर नको, सिलिंडरवर टाका. यात सुमारे 200 बार दाबाची हवा भरतात आणि बहुतेक उत्पादक सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात. तारीख त्याच्यावरच कोरलेली असते. मुदत सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी आहे, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. "अजून मस्त हवा धरतोय की!" हे उत्तर हमखास मिळेल. हवा धरतात ती सील. वय होतं ते धातूचं. नव्या सिलिंडरला अंदाजे पंधरा ते पंचवीस हजार लागतात, तेवढे मागणीतून वजा करूनच बोलणी सुरू करा. सोबतचा जादा सिलिंडरही त्याच वर्षीचा असेल, तर त्याचे वेगळे पैसे मोजू नयेत.

गळती पाहायला घाई चालत नाही. सिलिंडर भरून पिस्तुलाला जोडा, गेजचा आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. उन्हातून आणलेल्या सिलिंडरचा आकडा फसवतो, म्हणून दोन्ही वेळा तापमान सारखं हवं. काटा उतरला तर सिलिंडर सुटा ठेवून हीच तपासणी करा. दोष सिलिंडरचा की पिस्तुलाचा, ते तिथेच कळतं. सील स्वस्त असतात. महाग पडतो तो ती बदलणारा जाणकार माणूस, आणि त्याच्याकडची रांग.

खरी परीक्षा रेंजवर, कोचच्या देखरेखीखाली. क्रोनोग्राफ मिळाला तर दहा-वीस शॉटचा वेग मोजा. वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास असतो, पण आकड्यापेक्षा सातत्य महत्त्वाचं. दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉट दरवेळी जास्त वेगाने जात असेल, तर रेग्युलेटरवर संशय घ्या. नंतर पिस्तूल टेकूवर घट्ट धरून एकाच डब्यातल्या पेलेटने ग्रुप काढा. दहाचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं; टेकूवरून ग्रुप त्यात आरामात मावायला हवा. कारखान्याचं चाचणी कार्ड विकणाऱ्याने जपलं असेल, तर त्याच्याशी ताडून पाहा. माझ्या लेखी असं कार्ड जपणारा माणूस पिस्तूलही जपतो.

ट्रिगर किमान 500 ग्रॅमचं वजन उचलतो का, हे वजन टांगूनच पाहायचं. ड्राय फायरही तपासा, कारण मुलगी घरी रोज तेच करणार आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी घालून पाहा. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली पात्रता फेरीच्या मध्येच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. अव्वल खेळाडूचं, निगराणीतलं पिस्तूलही दगा देतं. त्यामुळे शहरात या मॉडेलची दुरुस्ती कोण करतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्रिप बहुतेक वेळा बदलावीच लागते. आधीच्या मालकाने ती आपल्या हातासाठी तासलेली, पुट्टी लावून भरलेली असते. नवीला दहा-पंधरा हजार धरा.

आता बेरीज करा. मागणी नव्वद हजार, सिलिंडर वीस, ग्रिप पंधरा, सर्व्हिसिंग पाच: झाले एक लाख तीस हजार. नवं एक साठला मिळत असेल, तर मी वॉरंटीसह नवंच घेईन. हेच जुनं साठ-पासष्टला उतरलं तर मात्र सोडू नये.

0.177 इंच बोअर आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल सहा ज्यूलच्या आसपासच असतं. तरी मूळ बिल, आयातीची कागदपत्रं आणि अनुक्रमांक घातलेली विक्रीपावती घ्या. "बिल हरवलंय" म्हणणाऱ्याशी भावाची घासाघीस करत बसू नका, दुसरं पिस्तूल शोधा.