तांदळाएवढे पिल्लू आणि वर्षाचे एक अंडे



सस्तन प्राण्यांचा पाठ आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : दुकानात विकला जाणारा शुगर ग्लायडर म्हणजे उडणारी खारच ना? नाही. दिसायला तशी, पण नाते कांगारूशी. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा हा शिशुधान प्राणी, म्हणजे मादीच्या पोटाशी पिशवी असलेला. भारताच्या रानात असा एकही प्राणी नाही.

त्याची तुलना आम्ही लांब चोचीच्या गिधाडाशी करतो. एक सुमारे 120 ग्रॅमचा, दुसरे 6 किलोच्या आसपास, म्हणजे पन्नासपट! तरी दोघेही फुकटचा प्रवास करणारे. ग्लायडर मनगटापासून घोट्यापर्यंतची कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगतो, पण खालीच येतो. वर चढायला पायच हवेत. गिधाड दोन मीटरहून रुंद पंख पसरून उन्हाने तापून वर जाणाऱ्या हवेवर चढते. म्हणून ते सकाळी ऊन तापेपर्यंत कड्यावर स्वस्थ बसून राहते. (हे आळसाचे उदाहरण म्हणून कोणी देऊ नये.)

खरा फरक पिल्लांत आहे. ग्लायडरचे पिल्लू सोळा दिवसांत जन्मते, तांदळाच्या दाण्याएवढे. पुढचे सुमारे सत्तर दिवस पिशवीत वाढते. बहुधा दोन पिल्ले. गिधाड मात्र पाचेक वर्षांचे झाल्यावर अंडी घालू लागते आणि तेही वर्षाला एकच.

आता हिशेब करा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. 1990 च्या दशकापासून लांब चोचीची गिधाडे 95 टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. पण वर्षाला एक अंडे घालणारा पक्षी ही तूट किती वर्षांत भरून काढणार?

2013 मध्ये आपल्या राज्यात बेज्जूरच्या जंगलात, पालरापूच्या कड्यावर यांची घरटी आढळली. तेथून प्राणहिता ओलांडली की गडचिरोली. आपल्या नेहरू प्राणी उद्यानातही गिधाडांच्या प्रजननाचे काम हाती घेतले गेले.

पालकांपैकी अनेकांची गावी, नांदेड-बिदरकडे गुरे आहेत. गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे. ते गिधाडांना बाधत नाही. केटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही 2023 पासून गुरांसाठी बंदी आहे. घरी जुनी बाटली शिल्लक असेल तर नाव वाचून पाहावे.