शीघ्र उपचार घेणाऱ्या बालकाची कागदपत्रे

ज्या बालकास ऐकण्यात, बोलण्यात, चालण्यात अथवा आकलनात अडचण आहे, त्याची पहिली सहा वर्षे विशेष मोलाची होत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये फिरते आरोग्य पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करते व गरजू बालकांस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. तेथे बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ असे अनेकजण बालकास पाहतात. प्रत्येकाजवळ आपल्या विषयापुरती माहिती असते. संपूर्ण हकीकत पालकांपाशीच असते. कागद गहाळ झाल्यास त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागतात आणि उपचाराचा अमूल्य काळ वाया जातो.

यास्तव पालकांनी एक जाड पुठ्ठ्याची फाईल करून तिचे पुढीलप्रमाणे पाच भाग पाडावेत :

१. ओळख : जन्मदाखला, माता व बाल संरक्षण कार्ड, दिव्यांगत्व प्रमाणपत्र.
२. तपासणी : जन्मवेळचे रुग्णालयाचे कागद, श्रवण व दृष्टिचाचणीचे अहवाल.
३. औषधे : डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कोणते औषध सोसले नाही याची नोंद.
४. घरचे व्यायाम : केंद्राने दिलेल्या सूचना व पुढील भेटीची तारीख.
५. पत्रव्यवहार : अर्जांच्या नकला व पोचपावत्या.

प्रत्येक भागात कागद तारखेनुसार लावावेत. नवा कागद वर असावा. मूळ कागद केवळ दाखवावा, कार्यालयात त्याची नक्कल द्यावी. पावसाळ्यात फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावी.

फाईलीसोबत एक नोंदवही असावी. तीत "बाळ चालत नाही" असे मोघम न लिहिता "भिंतीचा आधार घेऊन चार पावले टाकली" असे तारखेसह लिहावे. फिट आल्यास ती केव्हा आली, किती मिनिटे टिकली व शरीराची कोणती बाजू हलत होती, हे टिपावे. अशा नोंदींवरून उपचाराचा गुण येत आहे किंवा नाही, हे तज्ज्ञांस कळते.

लिहिता न येणाऱ्या मातेस अंगणवाडी सेविकेने अथवा शिक्षकाने साह्य करावे. माता सांगेल तेच तिच्या शब्दांत उतरवावे. ऊसतोडीसाठी किंवा अन्य कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबाने फाईल बरोबर न्यावी, म्हणजे नव्या ठिकाणी उपचार खंडित होणार नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळाप्रवेशाच्या वेळी हीच फाईल शिक्षकांच्या हाती पडल्यास बालकाची ओळख नव्याने करून घेण्यात वर्ष खर्ची पडत नाही.