‘पान लागलं’ म्हणजे काय?

पावसाळा आला की जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. पश्चिमेकडे भाताची खाचरे, पूर्वेकडे ऊस आणि भाजीपाला. मातीत हात-पाय घातल्याशिवाय कुणाचेच भागत नाही. सर्पदंशावर लस आहे. तरीही कधी कधी उशीर होतो, तो डॉक्टर आणि नातेवाईक यांना एकमेकांचे बोलणे न कळल्यामुळे.

मी नुकताच डॉक्टर होऊन डोंगरी भागातील एका आरोग्य केंद्रात रुजू झालो होतो, तेव्हाची गोष्ट. पहाटे एका तरुणाला आणले. पोटात कळा, घसा आवळल्यासारखा. अंगावर जखम नाही, सूज नाही. मी विचारले, “रात्री काय खाल्ले?” सोबतची म्हातारी म्हणाली, “पान लागलं असंल, सायेब.” मला वाटले, विड्याचे पान बाधले. मी आम्लपित्ताचे इंजेक्शन दिले. तासाभरात त्याच्या पापण्या मिटू लागल्या. तेव्हा नर्सबाई हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, पान लागलं म्हणजे साप चावला!” लस सुरू करून त्याला मोठ्या रुग्णालयात हलविले. कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले, पण तो वाचला. वाया गेलेला तो तास माझ्या अज्ञानाचा होता, म्हातारीच्या नव्हे.

सापाचे नाव घेऊ नये, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. म्हणून कुणी ‘पान लागलं’ म्हणतो, कुणी ‘लांबडं’, कुणी नुसते ‘जनावर’. मण्यारीच्या दंशात हे शब्द ओळखणे फारच गरजेचे असते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटदुखी, मग पापण्या जड होणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास थांबणे, असा क्रम असतो. म्हणून पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीच्या रुग्णाला “काय खाल्ले?” याबरोबरच “कुठे झोपला होतात?” हेही विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट रागावण्याची. रुग्ण आधी भगताकडे जाऊन आला, हे कळताच आपल्यापैकी अनेकांचा आवाज चढतो. मग नातेवाईक गप्प होतात. दंश कधी झाला, कोणती मुळी पाजली, दोरी किती वेळ आवळली, हे सारे लपविले जाते. आणि उपचारासाठी नेमके तेच हवे असते. “बरे केलेत आणलेत, आता सगळे सांगा,” एवढे म्हटले तरी माणूस मोकळा होतो. भगताचाही अपमान करू नये. गावाचा त्याच्यावर विश्वास असतो. “मंत्र म्हणा, पण गाडीत बसून म्हणा,” असे त्याला पटविता आले, तर तोच रुग्णाला लवकर पाठवील. आशाताई गावातल्याच असतात. हे काम त्यांच्याइतके चांगले आपल्याला जमणार नाही.

हा प्रश्न लहान नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावल्याचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा 2024 मध्ये जाहीर झाला. आपल्या नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी तर सर्पदंशाचे उपचार आणि त्याविषयीची जागृती यांसाठी अनेक वर्षे वेचली आहेत.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: दंश झाल्यास धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. झोपताना खाट आणि मच्छरदाणी वापरा.

आणि माझ्या डॉक्टर, नर्स बंधुभगिनींना एकच विनंती. रुग्णाचा एखादा शब्द कळला नाही, तर पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही.