कुंभातील बीज आणि अंतराळातील एकाकी माळी

तामिळनाडूत कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे नगर मराठी वाचकाला अगदीच परके नाही; तंजावरच्या भोसले राजांचा अंमल या भागावर सुमारे सव्वाशे वर्षे होता. नगराच्या नावामागे एक कथा आहे. प्रलय जवळ आला तेव्हा ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीचे बीज एका कुंभात भरून ठेवले. पुराच्या पाण्यावर तरंगत तो कुंभ दक्षिणेस आला व येथे टेकला. मग किरातरूपी शंकराने बाण मारून तो फोडला. सांडलेले अमृत जेथे साचले तेथे महामहम् तीर्थ झाले. फुटलेल्या कुंभापासून आदि कुंभेश्वराचे लिंग घडले, असे स्थलपुराण सांगते. ते मातीचे मानले जात असल्याने त्यास जलाभिषेक करीत नाहीत.

या कथेची आठवण व्हावी असा एक चित्रपट १९७२ साली अमेरिकेत निघाला. त्याचे नाव ‘सायलेंट रनिंग’. दिग्दर्शक डग्लस ट्रंबुल यांनी त्यापूर्वी ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाच्या दृश्यचमत्कारांवर काम केले होते. येथे प्रलय पाण्याचा नाही. पृथ्वीवरची वनस्पतिसृष्टी नष्ट झाली आहे आणि उरलेली अरण्ये काचेच्या प्रचंड घुमटांत घालून शनी ग्रहाच्या परिसरात यानांवर सांभाळली जात आहेत. एके दिवशी आज्ञा येते की घुमट स्फोटाने उडवून द्यावेत आणि याने पुन्हा मालवाहतुकीस लावावीत. फ्रीमन लोवेल हा वनस्पतींचा जाणकार ती आज्ञा मोडतो. अखेरचा घुमट वाचविण्यासाठी तो तिन्ही सहकाऱ्यांचे प्राण घेतो. त्यानंतर त्या अफाट पोकळीत तो एकटाच राहतो. सोबतीला असतात ते छोटे यंत्रमानव. तो त्यांना रोपे लावावयास शिकवतो, त्यांच्याबरोबर पत्ते खेळतो. ब्रूस डर्न या नटाने हा एकाकीपणा फार प्रभावीपणे उभा केला आहे. लोवेलचा अपराध चित्रपट झाकून ठेवीत नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

तथापि शास्त्राच्या दृष्टीने एक दोष खटकतो. अरण्य सुकू लागते आणि त्याचे कारण लोवेलला बराच काळ उमगत नाही. शनीजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकाच असतो. कुंडीतले तुळशीचे रोप काळोख्या खोलीत ठेवले तर काय होते हे ठाऊक असलेल्या कोणत्याही गृहिणीने ते कारण पहिल्याच दिवशी सांगितले असते! अखेरीस तो दिवे लावतो आणि झाडे सावरतात.

या चुकीतच प्रश्नाचे मर्म आहे. बंद पात्रात जीव टिकवायचा तर प्राणवायू, पाणी आणि अन्न यांचे चक्र पात्राच्या आतच पुरे व्हावे लागते; परंतु ते फिरविणारी ऊर्जा मात्र बाहेरूनच आणावी लागते. चित्रपट निघाला त्याच वर्षी सैबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे ‘बायोस-३’ नावाच्या बंदिस्त कक्षात तीन-तीन माणसांच्या वास्तव्याचा एकूण १८० दिवसांचा प्रयोग सुरू झाला. वनस्पतींनी त्यांना हवा पुरविली, अन्नाचाही काही भाग पुरविला. पण दिव्यांना लागणारी वीज बाहेरूनच येत होती. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या ‘छांग-अ ४’ यानावरील बंद डब्यात चंद्राच्या पलीकडील बाजूस कापसाचे बी रुजले. चंद्रावरची रात्र सुरू होताच थंडीने तो अंकुर मेला.

पुराणातला कुंभ आणि चित्रपटातला घुमट यांत एक भेद आहे. कुंभ फोडावाच लागतो. बीज बाहेर पडल्यावाचून सृष्टी होत नाही. लोवेलला मात्र घुमट उघडण्याजोगी भूमी कोठेच मिळत नाही. तो एका यंत्रमानवाच्या हाती झारी देऊन घुमट अवकाशात सोडून देतो आणि स्वतः यानासह स्फोटात संपतो. पडद्यावर शेवटी झाडांना पाणी घालणारे ते यंत्र तेवढे उरते.

आपल्याकडे या दिशेने झालेला प्रयोग बराच लहान होता. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर एक बंद पेटी बसविली होती. तीत चवळीचे आठ दाणे होते. आतील तापमान राखले जात होते आणि कॅमेरा लक्ष ठेवीत होता. चौथ्या दिवशी दाण्यांना मोड आले, पाठोपाठ पाने फुटली. ती पाने पाहावयास पेटीजवळ कोणी माणूस नव्हता. अग्निबाणाचा तो टप्पा पुढे ४ एप्रिल २०२५ रोजी वातावरणात शिरला आणि हिंदी महासागरात पडला.