पाचट पेटविण्यापूर्वी



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे धुराचे लोट दिसू लागतात. टोळी ऊस तोडून पुढच्या फडात जाते आणि मागे गुडघाभर पाचट उरते. पाण्याची पाळी तोंडावर आलेली असते, खोडव्याला खत द्यायचे असते, मजूर मिळत नाही. मग काडी ओढली जाते. अर्ध्या तासात रान काळे होते आणि आपण म्हणतो, "चला, रान मोकळं झालं."

या लेखात पाचटाचाच विचार करावयाचा आहे. पण प्रथम आमची चूक आम्ही सांगतो. नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांत असे फड पेटताना आम्ही बांधावर उभे राहून पाहिले आहेत. शिफारस ठाऊक होती. पण सभासदाला घाई आहे, त्याला कशाला दुखवा, असे म्हणून गप्प बसलो. पुढे त्याच रानांचे माती परीक्षणाचे कागद हाती आले तेव्हा हे गप्प बसणे महागात पडल्याचे कळले. सेंद्रिय कर्ब 0.40 टक्क्यांच्या आत म्हणजे जमीन 'कमी' वर्गात गेली. खोडव्याचा उतारा का घटतो, याचे बरेचसे उत्तर त्या एका आकड्यात होते.

हवामान का बिघडले?

आपल्या वाडवडिलांचे शेतीचे सारे गणित नक्षत्रांवर चाले. आज रोहिणी कोरडी जाते, मृग दडी मारतो आणि परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. 1972 सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुष्काळ पूर्वीही पडत होते, हे खरेच. पण आता टोके जवळ जवळ येऊ लागली आहेत. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पुढे तीनच वर्षांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, त्याच मिरजेच्या परिसरात आणि सांगली-कोल्हापूरकडे उभा ऊस कित्येक दिवस पुराच्या पाण्याखाली राहिला.

याचे कारण थोडक्यात असे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसाने हवेतील कर्ब वायू वाढविला. कारखानदारीचे युग येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. आज 420 च्या वर गेला आहे. हा वायू जमिनीची उष्णता गोधडीसारखी धरून ठेवतो. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तपमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण गरम हवा जास्त बाष्प धरते, मग पाऊस पडतो तो झोडपून पडतो आणि मधले खंड लांबतात. मध्य भारतात दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले.

आता कोणी म्हणेल, "साहेब, जग तापलं ते विमानांनी आणि गिरण्यांनी. माझ्या एकरभर पाचटानं काय होणार?" प्रश्न रास्त आहे. एका एकराने जगाचे हवामान बदलत नाही. शिवाय पाचटातला कर्ब उसाने हवेतूनच घेतलेला असतो. पण जाळताना काजळी व इतर घातक वायूही निघतात, आणि मुख्य म्हणजे जमिनीला मिळायचा कर्ब तिला मिळत नाही. लहरी हवामानात तग धरण्याची जमिनीची ताकद या कर्बातच आहे. सेंद्रिय पदार्थ असलेली माती पाणी धरते आणि जास्तीचे पाणी मुरूही देते. पाऊस ओढ देवो वा कोसळो, दोन्ही वेळी तीच उपयोगी पडते.

जाळतो ते काय?

एका हेक्टरातून 8 ते 10 टन, म्हणजे एकरी 3 ते 4 टन पाचट मिळते. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद 0.2 टक्का, पालाश 0.7 ते 1 टक्का आणि सेंद्रिय कर्ब 32 ते 40 टक्के असतो. हिशेब करा: एकरी 15 ते 20 किलो नत्र आणि टनभर किंवा त्याहून जास्त कर्ब. काडी लावली की हा कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जातो. राखेत पालाश उरतो, तोही वाऱ्यावर उडतो. वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात, बुडख्यांचे डोळे होरपळतात. शेजाऱ्याचा उभा ऊस किंवा ठिबकच्या नळ्या जळाल्या, तर भावकीत वैर येते ते वेगळेच.

पाचट ठेवावे कसे?

1. तोडणी झाल्याबरोबर बुडख्यांवरील पाचट बाजूला करून सरीत दाबून बसवावे. बुडखा उघडा राहिला पाहिजे, नाहीतर फुटवा दबतो.

2. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. वरच्या डोळ्यांचे फुटवे कमजोर असतात. जमिनीतले कोंब जोमदार येतात. छाटल्यानंतर 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून बुडख्यांवर फवारावे.

3. दर टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत द्यावे. जिवाणू खत चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पसरावे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. ते कुजविताना जिवाणूंना नत्र लागते. आपण दिले नाही तर ते जमिनीतले ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. "पाचट ठेवलं आणि ऊस पिवळा पडला," ही तक्रार बहुधा युरिया न दिल्यानेच येते.

4. यानंतर पाणी द्यावे. पहिल्या पाण्याला सरीत पाचट फुगते व पाणी हळू सरकते. घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला ते बसते.

5. बगला फोडू नयेत. रासायनिक खत पहारीने द्यावे: बुडख्यापासून 10 ते 15 सें. मी. अंतरावर तेवढेच खोल भोक घेऊन खत टाकावे व भोक बुजवावे. पहिला हप्ता 15 दिवसांत एका बाजूस, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूस. खत मुळाशी व झाकलेले राहिल्याने कमी वाया जाते. वर फेकलेल्या युरियाचा काही भाग हवेत जातो. त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू कर्ब वायूच्या सुमारे 270 पट तापविणारा आहे. म्हणजे आपला पैसाही जातो आणि हवाही तापते.

काही शंका

"उंदीर होतात" आणि "हुमणी होते" या दोन तक्रारी आम्ही नेहमी ऐकतो. उंदरांची बिळे बांधावर असतात. बांध स्वच्छ ठेवून सर्वांनी मिळून बंदोबस्त करावा. हुमणी बहुधा कच्च्या शेणखताबरोबर रानात येते. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमतात. तेव्हा गावाने मिळून ते गोळा करून मारणे हाच खरा उपाय आहे. मात्र पाणथळ, निचरा नसलेल्या रानात आधी चर काढून निचरा करावा, मग पाचटाचा विचार करावा.

पाचटाच्या आच्छादनाने ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण कमी उगवते. उन्हाळ्यात आवर्तन लांबले तर पाचट ठेवलेला खोडवा जळालेल्या रानापेक्षा जास्त दिवस हिरवा राहतो. विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच तळ गाठू लागले असताना या दिवसांची किंमत आम्ही सांगायला नको.

आमची विनंती एवढीच: यंदा सगळ्या रानाचा भरवसा बसत नसेल तर निदान 10 गुंठ्यांत पाचट ठेवून पाहा. शेजारी तुमच्या पद्धतीने करा. दोन्हीकडच्या पाण्याच्या पाळ्या वहीत लिहा आणि तोडणीच्या वेळी वजन वेगळे घ्या. आमच्या शब्दावर विसंबू नका, काट्यावर विसंबा. आणि फड तुटल्यावर काडी ओढण्याआधी गट कार्यालयात निरोप द्या. आमचा माणूस बांधावर येईल. या खेपेस आम्ही गप्प उभे राहणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी